मामू आणि अर्थाची तार

जगात अर्थ शोधत फिरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी तो पोथ्यांत शोधतं, कुणी बाटलीत, आणि आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क तो दुसऱ्यांना आलेल्या पत्रांत शोधायचे. पण हातात पक्कड आणि खिशात होकायंत्र घेऊन, गाडीखाली उताणं पडून अर्थ शोधणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. ते आमचे मामू. माझे ते कुणीच नव्हते. मी साताऱ्याकडचा, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. आखातात पाण्याच्या विहिरी खोदणाऱ्या एका कंपनीत मी कारकून, ते तिथेच वायरमन. साठ-बासष्टनंतरची ती वर्षं. त्या मुलखाला आजचं नाव अजून मिळालेलं नव्हतं, शारजाच्या पुढे रस्ता म्हणजे आदल्या गाडीच्या चाकांचे ठसे, आणि आमचं वर्कशॉप म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे. तिथं मी पहिल्या दिवशी गेलो तर पिकअपखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि आतून एक खर्जातला आवाज येतोय, "सगळं हाय रे, पण अर्थच नाय याच्यात." मी मनात म्हटलं, चला, एवढ्या वाळवंटात आपल्याला तत्त्वज्ञ शेजारी मिळाला. पाच मिनिटांनी तो तत्त्वज्ञ तोंडाला ग्रीस फासून बाहेर आला आणि मला म्हणाला, "मास्तर, ती हिरवी तार द्या जरा."

मी जन्मात शाळेत शिकवलेलं नाही, पण मला चष्मा होता आणि मामूंना तेवढं पुरे होतं. अर्थ म्हणजे अर्थिंग, वीज कामाला जाऊन परत यायची वाट, हे मला पुढे कळलं. मी भाषेचा मोठा अभिमानी. त्यांना दहा वेळा सांगितलं, "मामू, अर्थ वेगळा नि अर्थिंग वेगळं." ते शांतपणे म्हणायचे, "वीज गेली नि परत आली नाय, तर त्या जाण्याला काय अर्थ?" माझं मराठी त्या माणसापुढे नेहमीच असं तोंडावर आपटायचं.

त्यांच्या खिशातलं होकायंत्र वडिलांच्या मचव्यावरचं. पितळेचं, काचेला तडा गेलेलं. नमाजाची दिशा ते त्यावर बघत, आणि ट्रेलरचे ब्रेकही त्यावरच तपासत. आमचा ट्रेलर अमेरिकन होता आणि त्याचे ब्रेक विजेचे. ड्रायव्हरच्या हाताशी एक छोटी दांडी, ती ओढली की ट्रेलरच्या चाकांतल्या लोहचुंबकांना वीज मिळायची आणि चाकं आवळली जायची. चुंबक जागा झाला की नाही हे मामू चाकाजवळ होकायंत्र धरून सांगत. सुई फिरली तर ठीक. एकदा दुपारच्या नमाजाला त्यांनी ट्रेलरच्या सावलीत चटई टाकली, तर सूर्य म्हणे पश्चिम इकडे, सुई म्हणे तिकडे. दुसरा कुणी सुईला नावं ठेवून मोकळा झाला असता. मामूंनी चटई चार हात दूर नेली, नमाज पुरा केला, मग येऊन ड्रायव्हरला म्हणाले, "हबीबी, डाव्या चाकाचा ब्रेक लागून राह्यलाय. मघापासून ते चाक माझी दिशा चुकवतंय." बघतो तर खरंच, चाक तव्यासारखं तापलेलं.

आणि तेल. मुशी माशाच्या काळजाचं तेल. मामूंच्या घरी पिढ्यान् पिढ्या होडीला हेच तेल फासत, आणि शारजाच्या खाडीवर अरबही आपल्या होड्यांना तेच फासत, हे पाहिल्यापासून मामूंना तो मुलूख आपला वाटायला लागला होता. खाऱ्या हवेतलं लोखंड दिसलं की यांचा डबा उघडलाच. बिजागऱ्या, नटबोल्ट, दाराच्या कड्या, माझ्या टाइपरायटरची बैठक, काही म्हणून सुटलं नाही. त्या वासानं ऑफिसात मांजरं गोळा होत. हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून बसत आणि मामूंना म्हणत, "अहो, हे ऑफिस आहे, मासळीबाजार नाही." मामू मान डोलावत आणि त्यांच्या खुर्चीच्या चाकांनाही लावून जात.

असा सगळा आनंदीआनंद असला तरी माणूस आतून झुरत होता. चार वर्षांपूर्वी ते गाव सोडून निघाले तेव्हा मामी पोटुशा होत्या. मुलगी झाली, चालायला लागली, बोलायला लागली, हे सगळं त्यांना मी वाचून दाखवलेल्या पत्रांतून कळलं. "पुढं वाचा मास्तर," असं म्हणून ते पत्र संपल्यावरही बसून राहत. बिऱ्हाड आणायची परवानगी फक्त कायम नोकरीवाल्यांना, आणि मामू चार वर्षं हंगामीच. शेवटी आमचा गोरा इंजिनिअर एक दिवस म्हणाला, डोंगरापलीकडे खोर फक्कानला पंपाचं इंजिन पोचवायचंय, उतार वाईट आहे, ट्रेलरचे ब्रेक भरवशाचे करून दे, गुरुवारी मी स्वतः गाडीत बसणार. ब्रेक लागले तर कायम नोकरीचं पत्र देतो, नाहीतर हे काम करणारा दुसरा माणूस बहरीनहून येतोच आहे. मी हे मामूंना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "मामीला लिवा, सामान बांधायला घे. इन्शाल्ला." मी म्हटलं, आधी ब्रेक तर लागू दे. ते म्हणाले, "तुम्ही लिवा हो." मी मुकाट्यानं लिहिलं, आणि पोस्टातही टाकलं.

आणि सोमवारी ब्रेक गेले. म्हणजे साफ गेले असते तर बरं झालं असतं. उभ्या गाडीत सुई थोडी हलायची, गाडी चालू लागली की एकदा लागायचे, तीनदा नाही. मामूंनी तारेच्या टोकाला एक बारका दिवा लावून बघितला, तर दिवा लख्ख पेटला. "वीज येतेय," ते म्हणाले, आणि सगळी चाकं उघडली. चुंबक चांगले. दांडी उघडली, ती चांगली. पिकअपपासून ट्रेलरपर्यंतची तार वीत-वीत चाचपली, कुठे कापलेली नाही. मंगळवार गेला, बुधवारची दुपार झाली. माणूस जेवेना. मी भात आणि सुकटीचं कालवण घेऊन गेलो तर ट्रेलरखालून नुसतं म्हणाले, "मास्तर, ते पत्र पोचलं असंल काय हो?" मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. म्हटलं, पोचलं असेल, मामीनं ट्रंकसुद्धा भरली असेल, आणि तुम्ही मला लिहायला लावलंत. बोललो आणि जीभ चावली.

मग मामू ट्रेलरखालून सरकत बाहेर येऊन बसले. म्हणाले, "दिवा बारका हाय. त्याला घोटभर वीज पुरते. चुंबकाला घागरभर लागते. जायची वाट मी तीन दिवस बघतोय, परत यायची बघितलीच नाय." माझ्याच टेबलावरच्या दिव्याची लांब तार त्यांनी काढून आणली, एक टोक बॅटरीच्या परतीच्या बाजूला आणि दुसरं सरळ ट्रेलरच्या ब्रेकच्या परतीच्या तारेला जोडलं, आणि मला दांडी ओढायला लावलं. चाकांतून कट्ट असा आवाज आला. होकायंत्राची सुई गरकन फिरली. "अर्थ," मामू म्हणाले. ट्रेलरच्या सांगाड्याला अर्थाची तार जिथं नटानं आवळली होती तिथं ते गेले, नट सोडला, आणि तसेच उकिडवे बसून राहिले. मी वाकून बघितलं. तारेचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये पिवळसर, चिकट, वाळून खापरी झालेला थर होता. वास घ्यायची गरज नव्हती. गेल्या महिन्यात, गंजू नये म्हणून, मामूंनी मोठ्या मायेनं तो नट उघडून आत माशाचं तेल भरलं होतं. होडीला वीज लागत नाही, ट्रेलरला लागते, एवढाच काय तो फरक.

त्यांनी तो थर चाकूनं खरवडला, लोखंड चांदीसारखं होईपर्यंत घासलं आणि तार आवळली. ब्रेक ठणठणीत लागले. तेवढ्यात इंजिनिअर आला आणि मला विचारलं, काय बिघाड होता? आता दुभाषी मी. मी चांगला सराईत कारकून, म्हटलं, "बॅड अर्थ, सर. ओल्ड ट्रेलर." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण अर्थ हा शब्द मामूंना कळला, आणि 'ओल्ड'सुद्धा. ते पुढे झाले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "नो ओल्ड, साहेब. माय ऑइल. फिश. माय मिस्टेक." मी डोळ्यांनी खुणावलं, बाही ओढली. हे गृहस्थ आपले डबा घेऊन आले आणि साहेबाच्या नाकाखाली धरला. साहेब दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "उद्या पहाटे निघायचं. आणि हा डबा इथेच ठेवायचा." हो नाही की बरं नाही. मामू त्या रात्री घोरत झोपले, मी जागा.

गुरुवारी ड्रायव्हर, साहेब आणि मी पुढे, मामू मागे ताडपत्रीवर. डोंगरात शिरल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "आता वाडी आली," आणि मी चहाच्या आशेनं वस्ती शोधू लागलो. वाडी म्हणजे तिकडे कोरडी नदी. तिच्यात उतरायचा जो उतार होता तो बघून माझी चहाची इच्छा मेली. मागे दीड टनाचं इंजिन. साहेब म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला. ड्रायव्हरनं दांडी ओढली आणि ट्रेलर मागून हात धरून ठेवल्यासारखा आमच्यामागून हळूहळू उतरला. खाली पोचल्यावर साहेबानं मागे वळून मामूंकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "याला सांग, स्वतःची चूक दाखवणाऱ्या माणसानं बांधलेल्या ब्रेकच्या भरवशावर मी गाडीत बसेन." मी ते शब्दन् शब्द सांगितलं, या वेळी माझ्या पदरचं काही घातलं नाही. मामूंनी फक्त विचारलं, "म्हणजे पत्र देतोय काय?"

दिलं. पुढं दोन वर्षांनी मी देशी परतलो, मामूही आता राहिले नाहीत, आणि अर्थाचं म्हणाल तर अजून सगळा लागलेला नाही. पण मनाला उभारी हवी असली की मला दुबईच्या खाडीवरची ती सकाळ आठवते. बोट बाहेर समुद्रात थांबली होती आणि माणसं लहान पडावांतून किनाऱ्याला येत होती. मामूंनी तीनदा साबणानं हात धुतले होते, वर अत्तर लावलं होतं. मामी उतरल्या, आणि त्यांच्या बुरख्यामागून चार वर्षांच्या एका टिकलीएवढ्या पोरीनं मामूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "ह्यो नाय. फोटोतल्या बाबानं कोट घातलाय." तो कोट माझा होता. मामूंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. विजेशी बोलणाऱ्या त्या माणसानं पोरीपुढे नुसता हात केला. पोर जराशी पुढं आली, वाकली, आणि मांजरासारखा त्या हाताचा वास घेतला. साबण आणि अत्तर पार करून तिच्या नाकाला जे लागायचं ते लागलं.

"आई, आज्याच्या होडीचा वास येतोय गं," ती म्हणाली, आणि तिनं त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं.

मामू माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, अर्थ लागला."

मी त्यांना अर्थ आणि अर्थिंगमधला फरक समजावायला गेलो नाही.