रेसची केबल

गाडी उभ्या उभ्या एवढी घुमते काहून, हे मंदाकिनीबाईंना कुणी धड सांगत नव्हतं. बूढापाऱ्याच्या अरुंद गल्लीत ती जुनी डिझेल गाडी दाराशी चालू केली की खिडकीची तावदानं थरथरायची आणि बाईंच्या हातातलं काम सुटायचं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून गेलेली. बोलणाऱ्याचा आवाज जरा बदलला तरी त्यांना कळे. गाडीचा आवाज होळीच्या आसपास बदलला, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"अहो, देवीदास मिस्त्रीले एकदा दाखवा ना."

"जुनी गाडी आहे, मंदा. करते थोडा आवाज," श्रीपादराव म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे.

हेच बाईंना खटकत होतं. सिंचन खात्यात असताना या माणसाने जीपमधून अर्धा छत्तीसगड पालथा घातला होता. इंजिनात कुठे बारीकशी किरकिर झाली की जेवण टाकून बोनेट उघडणारा हा माणूस आता "पाहू नंतर" म्हणत होता. बाई पोळी लाटता लाटता थांबायच्या, अंगणात यायच्या, गाडीभोवती एक चक्कर मारायच्या आणि काही न सुचून परत आत जायच्या. कारण न कळलेली गोष्ट घरात असली की त्यांना बसवत नसे. स्वभावच तसा.

मग एक दिवस तलावाच्या वळणावर गाडी भाजीच्या ठेल्यावर गेली. फार नाही, टेकली फक्त. पण ब्रेक लागता लागता गाडी आपल्या जोरानं पुढे रेटत गेली आणि टमाटर रस्ताभर झाले. भाजीवाली ओरडली. श्रीपादराव खाली उतरलेच नाहीत. स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. मागच्या सीटवरून नात स्वरदानं विचारलं, "आजी, आबाने ब्रेक नहीं मारा क्या?"

बाईंनी उतरून टमाटर वेचले, भाजीवालीची समजूत काढली. घरी आल्यावर श्रीपादराव एवढंच म्हणाले, "रस्त्यावर रेती होती."

रेती नव्हती. बाईंनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी श्रीपादराव तात्यापाऱ्यात एका मित्राकडे पूजेला गेले, आणि ते ऑटोत बसताच बाईंनी देवीदासला फोन लावला. देवीदासचं गॅरेज गुढियारीत. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याकडून इकडे आलेले. या गाडीचं काम तोच करत आला होता. स्कूटरवर हत्यारांची पिशवी टाकून तो आला, गाडी चालू केली आणि मान हलवली.

"स्लो लय वाढला आहे, वहिनी. उभ्या गाडीत इंजिन जास्त फिरते. आता उतरवतो."

त्यानं पंपावरचा स्लोचा स्क्रू उलटा फिरवला. आवाज तोच. अजून फिरवला. तरी तोच. देवीदासच्या कपाळाला आठी पडली. "पंपच बिघडला वाटते. उतरवून न्यावा लागंल."

बाईंना उभं राहवेना. त्या टॉर्च घेऊन आल्या आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागल्या.

"तुम्ही स्क्रू फिरवून राहिले, पण ही पट्टी हालत काहून नाही?"

देवीदास वाकला. "हव की! लिव्हर स्क्रूले टेकतच नाही. केबलनं वरच्यावर ओढून धरली आहे." त्यानं अॅक्सिलरेटरपासून आलेल्या रेसच्या केबलवरून बोट फिरवलं. केबल तारेसारखी ताणलेली होती. टोकाच्या दोन्ही नटांवरची जुनी काजळी खरवडून निघाली होती. "हे म्या नाही केलं, वहिनी. कोणी तरी पाना लावला इथं."

त्यानं नट सैल केले, केबलला ढील दिली, स्क्रू नव्यानं लावला. लिव्हर जागेवर बसली आणि गाडीचं घुमणं खाली आलं. तावदानं गप्प झाली.

"असं कोणी मुद्दाम करते का?" बाईंनी विचारलं.

"करते कोणी कोणी. स्लो वाढवला की रेसवर पाय ठेवायचं काम नाही. क्लच सोडला की गाडी आपोआप चालते. गल्लीबोळात बरं पडते."

देवीदास गेला. गाडी दुरुस्त झाली होती, पण बाईंचा जीव आता जास्तच वरखाली होत होता. घरात पाने एकाच माणसाचे होते. त्या फाटकाशी आल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पुन्हा फाटकाशी आल्या. शेवटी ऑटो थांबला. श्रीपादराव उतरताना त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. उजवा पाय जमिनीवर टेकण्याआधी ते खाली बघत होते.

"चला, तलावापर्यंत चक्कर मारून येऊ," बाई म्हणाल्या.

श्रीपादरावांनी गाडी चालू केली आणि शांत आवाज ऐकून दचकले. क्लच सोडताच गाडी हिसका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, तर इंजिन एकदम किंचाळलं. ते मान वाकवून आपला पाय शोधत होते. मग त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"केबल कोणी ढिली केली?"

"ताणली कोणी, ते आधी सांगा."

श्रीपादरावांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पाय रेसवर आहे का नाही, समजत नाही मले. रुई भरल्यासारखा झाला आहे. पाहिलं तर समजते."

"आणि ब्रेकवर?"

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"स्वरदाले मागं बसवून शाळेत नेत होते तुम्ही! अशा पायानं!" बाईंचा आवाज फाटला. "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली घेतली असती. मग घरात बसून काय करू मी?"

बाईंनी हात पुढे केला. श्रीपादरावांनी किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली.

डॉक्टरांनी बूट काढायला लावले, तेव्हा टाचेखाली एक जखम निघाली, चांगली पिकलेली. श्रीपादरावांना तिचा पत्ताच नव्हता. रक्तातल्या साखरेनं पायाच्या नसा गेल्या होत्या. गाडी बंद, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर श्रीपादराव बाकावर बसले आणि पहिल्यांदाच रडले, रुमाल तोंडाशी धरून, लहान मुलासारखे. बाईंना राग धरवेना आणि सोडवेनाही. त्या शेजारी बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

पावसाळा संपल्यावर बाईंनी गाडी चालवायला शिकायचं ठरवलं. शेजारी बसून श्रीपादराव इतकं बोलायचे की बाईंनी त्यांना मागं पाठवलं. तिथं ते वळणावळणाला सीटचं कापड मुठीत धरतात, पण तोंड उघडत नाहीत.

जखम हळूहळू भरून येते आहे. रोज सकाळी चहाच्या आधी बाई चष्मा लावून समोर वेताचा बुटका मोडा ओढून बसतात.

"पाय पाहू द्या."

"कालच पाहिला ना, मंदा."

"कालचा पाहिला. आजचा दाखवा."