टाकव्यातलं एक मत

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मी लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. तालुक्याच्या बोर्डाची निवडणूक लागली आणि टाकव्याच्या केंद्रावर बायकांची मतं लिहून घ्यायला मला पाठवलं. कान्हे स्टेशनात उतरून बैलगाडीनं गेले. मत कुणाचं कुणाला सांगणार नाही, अशा कागदावर माझी सही घेतली होती.

जमीन नावावर असून सारा भरणाऱ्यांनाच तेव्हा मत होतं. त्यामुळे बायका जेमतेम दहा-बारा, बहुतेक विधवा. लिहिता कुणालाच येत नव्हतं. पडद्याआड येऊन नाव सांगायचं आणि मी फुली मारायची. साऱ्याजणी एकच नाव सांगत होत्या, पाटलांच्या माणसाचं. गावाचं आधीच ठरलेलं होतं.

एक बाई मात्र आत येऊन गप्पच उभी राहिली. पन्नाशीची असेल. बाहेर तिचा दीर उभा होता, दारात गावचा कोतवाल. मग माझ्या कानाशी वाकून तिनं दुसरंच नाव सांगितलं.

"नक्की ना?" मी विचारलं.

"व्हय. वढ्यावर साकव घालतो म्हणून ह्यो पाटलांचा मानूस दोन येळा निवडून आला. माझी सून अडली तवा वढ्याला पाणी व्हतं. पलीकडं न्हेता आली न्हाई. दुसरा निदान अजून खोटं बोल्लेला न्हाई." जाताना म्हणाली, "बाई, दिराला कळू द्यू नका."

मी फुली मारली. तिचं मला इतकं कौतुक वाटलं की ऊर भरून आला.

त्या कौतुकानंच घात केला. महिन्याभरानं लोणावळ्यात एका हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, खेड्यातल्या बायांना मत कशाला, घरातले सांगतील तेच करायच्या. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. नाव नाही, पण सून, ओढा, दीर, सगळं. ऐकणाऱ्यांत एकीचं माहेर टाकव्याचं होतं. हे मला ठाऊक होतं. बोलताना मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा होतं.

आषाढात तीच मला बाजारात भेटली. हसत म्हणाली, "तुमच्या त्या मतवाल्या बाईला दिरानं औंदा बैल दिले नाहीत हो!"

पुढच्या रविवारी मी टाकव्याला गेले. बाई भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात होती. बैल नाहीत म्हणून कुदळीनं चिखल करत होती. सोबतीला डोंगरावरच्या वाडीतली एक ठाकरीण, तेवढीच. मला बघून तिला आनंदच झाला. बांधावर बसवून तिनं भाकरी पुढं केली.

"कुणी सांगितलं दिराला?" मी विचारलं.

"दुसरं कोन? कोतवालानं. दारात त्योच उभा व्हता. समद्या गावाम्होरं त्याला बोलले मी. म्हनलं, माझ्या खळ्यावर पाय ठेवू नगंस. त्याचं बलुतं बंद केलं."

तिच्याकडून मिळणाऱ्या धान्यावर कोतवालाच्या घरची कितीतरी जेवणं निघत असतील. आता सांगावं, आता सांगावं, असं करत मी पूर्ण भाकरी खाल्ली. निघताना तिनं गाडीपर्यंत सोबत केली. तरी मी बोलले नाही.

पुढच्या निवडणुकीला मी टाकव्याचंच केंद्र मागून घेतलं. ती आत आली आणि तिनं न विचारताच पाटलांच्या माणसाचं नाव सांगितलं. "आता घराचं त्येच माझं," म्हणाली.

माझा हात फुलीवर थांबला. "मावशी, कोतवालानं नाही सांगितलं. मी सांगितलं."

तिला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

"मला काय सांगता?" ती हळू म्हणाली. "त्याला सांगा. त्यो म्हनत व्हता, म्या न्हाई, म्या न्हाई. म्या ऐकलं न्हाई त्याचं." आणि पदर सावरून ती बाहेर गेली.

काम उरकल्यावर मी बाहेर आले. कोतवाल पायरीखाली बसला होता. मला बघताच उठून बाजूला झाला, मान खाली. मी त्याच्यासमोर उभी राहिले. मग विचारलं, "गाडी कधी येईल?"

"यील इतक्यात, बाईसाहेब," तो म्हणाला.

त्या सुगीला बाईनं त्याचं मागचं अडवलेलं बलुत्याचं सगळं धान एकदम त्याच्या दारात नेऊन घातलं, असं पुढं कानावर आलं. तिनं त्याला काय सांगितलं, माझं नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी पुन्हा टाकव्याला गेले नाही.