शिक्र्याचा फोटो

निमगाव केतकीच्या बाजारपेठेत इस्माईलभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची बायको वहिदा गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली. मातीला इस्माईलभाई रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. तसं काही नव्हतं. आतून काही येतच नव्हतं. कब्रस्तानातून आले, हातपाय धुतले आणि थोड्या दिवसांनी दुकान उघडलं.

वहिदा अंगणातल्या तारेला तेलाचा अर्धा कापलेला कॅन टांगून त्यात बाजरी टाकायची. ती गेल्यावरही पाखरं येऊन रिकाम्या कॅनवर बसायची, म्हणून इस्माईलभाई बाजरी टाकू लागले. बारामतीला दिलेली लेक अफशीन फोन करून विचारायची, "अब्बा, अम्मीच्या चिमण्या आल्या का?" बोलायला दुसरं काही सुचत नसे, मग ते फोटो पाठवायचे. मोबाइलवर चिमण्या ठिपक्यांसारख्या दिसत. जावई सोहेलनं आपला जुना कॅमेरा आणून दिला. बारीक स्क्रू फिरवायची सवय असलेला हात त्यावर लवकर बसला. सकाळी पायरीवर बसून ते चिमण्या, बुलबुल, होले टिपायचे.

एका सकाळी तारेवरून काहीतरी सपकन खाली आलं. बाकीच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. अंगणात शिक्रा बसला होता आणि त्याच्या पंजाखाली एक चिमणी तडफडत होती. इस्माईलभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. चिमणी गप्प होईपर्यंत त्यांचं बोट बटणावर होतं.

तो फोटो सोहेलनं बारामतीतल्या पक्षीमित्रांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून प्रदर्शनात लावला आणि इस्माईलभाईंना बोलावून घेतलं. लोक येऊन हात मिळवत होते. शिक्र्याच्या पिवळ्या डोळ्याचं, चिमणीच्या उघड्या चोचीचं कौतुक करत होते. इस्माईलभाई प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत होते.

अफशीन मात्र फोटोसमोरून हलली नाही. गर्दी कमी झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "अब्बा, तुमी कुठं बसला हुता?"

"पायरीवर."

"मग टाळी वाजवायची न्हाय का? सोडलं आसतं त्यानं तिला."

"वाजवता आली आसती."

"मग?"

"चिमणी वरडत हुती. ऐकू येत हुतं मला. पण काय वाटलंच न्हाय, अफशीन." ते फोटोकडेच बघत होते. "तुझी आई गेल्यापासनं काय वाटत न्हाय. फोनवर तू रडतीस, तवा बी न्हाय."

अफशीनच्या चेहऱ्यावरचा राग विरला. तिनं त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर चहाला नेलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर निमगावला आली. आल्या आल्या तिनं तारेवरचा कॅन काढला आणि घरामागच्या बोगनवेलीच्या काटेरी जाळीत आत बांधला. शिक्र्याला तिथं झेप घेता आली नसती.

"तुमी रडा न्हायतर नका रडू," ती हात पुसत म्हणाली. "पण ह्यांला मरायला उघड्यावर कशाला ठिवायचं?"

इस्माईलभाईंनी कॅनमध्ये बाजरी ओतली.

बरेच दिवस तिकडं पाखरू फिरकलं नाही. मग एक चिमणी आली, मग दोघी-तिघी. जाळीतलं नीट दिसायचं ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्या खोलीत ते वर्षभर नुसते पाणी प्यायला जात. डबा भावाच्या घरून येई. आता सकाळी कॅमेरा घेऊन तिथं बसायचं म्हणून त्यांनी आधी चहा टाकला. पुढं कधी भात. एके दिवशी आमटी केली.

मीठ फार झालं होतं. पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं. आमटीत पाणी ओतलं, पुन्हा उकळी काढली, तिथंच खाली बसून जेवले आणि दुकानाला गेले.