वर्तकांच्या फोटोतला जास्तीचा माणूस

मी जन्मात पुष्कळ गाढवपणा केला, पण बहुतेक वेळा त्याची शिक्षा मलाच झाली. हा एकच असा, की जो दुसऱ्याच्या घरी जाऊन, नीट कागदात गुंडाळून, हातात देऊन आलो. सांगू का नको असं दरवेळी होतं. आज तुम्ही विचारलंच आहे की आमच्या फोटोच्या क्लबात मी हल्ली गप्प का बसतो, तर ऐका. हसू आलं तर खुशाल हसा. निम्म्यापर्यंत मीही हसतच सांगतो.

दिल्लीतल्या द्वारकेत मेट्रो नुकती आली होती तेव्हाची गोष्ट. सोसायटी नवी, लिफ्ट नवी, शेजारी नवे आणि ज्याच्या त्याच्या हातात नवा डिजिटल कॅमेरा. रीळ संपायची भीती गेली, त्यामुळे लोक वाट्टेल त्याचे फोटो काढत सुटले होते. एकाने तर महिनाभर फक्त पाण्याच्या टाक्या काढल्या. अशा आम्ही दहा-बारा मराठी मंडळींनी क्लब काढला. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, दोरीला चिमट्यांनी फोटो अडकवायचे आणि एकमेकांच्या फोटोंवर बोलायचं.

नियम सगळे माझे. फोटोवर नाव नाही, फक्त नंबर. ज्याचा फोटो असेल त्याने चहा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि नुसतं 'छान आहे' म्हणायला बंदी. दिल्लीत राहून राहून आपल्या लोकांना 'बहुत बढ़िया, भाई साहब' म्हणायची सवय लागली होती, ती मला मोडायची होती. टीका विधायक हवी. म्हणजे आधी एक गोड वाक्य, मग जे काय सांगायचं ते.

माझं गोड वाक्य फार छोटं असायचं.

मी गुडगावच्या एका कंपनीत खरेदी विभागात होतो, शिकवण्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण क्लबात सगळे मला सबनीस सर म्हणायचे, आणि माणसाला सर म्हटलं की त्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. माझ्या हातात लाल स्केचपेन असायचं. चूक दिसली की थेट फोटोवरच गोल.

त्या क्लबात वर्तक यायचे. फरीदाबादच्या एका कारखान्यात फोरमन, पन्नाशी उलटलेली, डोक्यावर केस नाही, चष्मा जाड. दोन बस बदलून यायचे आणि मागच्या खुर्चीवर बसायचे. सगळं आयुष्य रिळाचा कॅमेरा वापरलेला माणूस, पण भाच्याकडून कंप्युटरवर फोटो जोडायला शिकले होते. बोलणं मात्र अगदी कमी.

एका रविवारी सात नंबरचा फोटो आला. मूळ फोटो जुना, फरीदाबादच्या बडखल तलावाच्या काठचा. तिशीतली एक बाई, वाऱ्याने पदर उडतोय, कुणीतरी काहीतरी म्हटलंय आणि ती आता हसणार आहे. फार सुरेख. आणि तिच्या शेजारी दाट केसांचा, मिशीवाला एक तरुण. उभा कसला, चिकटवलेला! ऊन तिच्यावर डावीकडून पडलेलं, त्याच्यावर उजवीकडून. पाय गवतात नव्हतेच, गवताच्या दोन बोटं वर होते.

आता मला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठून मिळणार? मी म्हटलं, बाई उत्तम. पण हा माणूस इथला नाही, तोंड कुठल्या तरी ओळखपत्रावरून उचलून आणलंय. ती कुणाकडे तरी बघून हसतेय, आणि हा भलतीकडेच बघतोय. याचं तिच्या शेजारी काय काम? त्याच्या तोंडाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'काढा'. लोक हसले. लोक हसले की मला आवरत नाही, म्हणून त्या तरंगणाऱ्या पायांवर आणखी दोन मिनिटं बोललो.

चहा आला तेव्हा वर्तकांनी येऊन हळूच फोटो उतरवला. बाई कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, मिसेस. आणि हा गृहस्थ? त्यावर ते चष्मा पुसत राहिले. "तुमचं बरोबर आहे सर. नकोच होता तो," एवढंच म्हणाले. मी समजलो, कुणी मेहुणाबिहुणा असेल, बायकोच्या आग्रहाखातर घातला असेल. मूळ फोटो आहे का विचारलं, तर पाकिटातून काढून दिला. मी म्हटलं, ठेवा माझ्याकडे, याचं काय होऊ शकतं ते दाखवतो तुम्हाला.

पुढच्या महिन्यात वर्तक आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, घरी जरा अडचण आहे. मी काय समजावं? रुसले! माझी बायको मेधा म्हणाली, मग फोनवर सॉरी म्हण आणि संपव. सॉरी? बरोबर टीकेबद्दल? त्यापेक्षा मी आठ दिवस रोज संध्याकाळी बसून त्या फोटोवरचे ओरखडे घालवले, आभाळ साफ केलं, बाईचा चेहरा उजळला आणि भला मोठा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढला. एकटी बाई. बघतच राहावं असा झाला. मेधाने विचारलं, त्यांना न विचारता कसं नेतोस? मी तिला सांगितलं की कलाकाराला सरप्राइज आवडतं.

सेक्टरच्या मार्केटमध्ये फ्रेमवाला होता. त्याने प्रिंट पाहिला आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागला. विचारलं, "सब लगाना है ना, साहब?" मी घाईत होतो. म्हटलं, "हाँ भैया, जो लगता है सब लगा दो." घ्यायला गेलो तेव्हा त्याने ते पुडकं मला देण्याआधी कपाळाला लावलं. मनात म्हटलं, बघा, या माणसाला कलेचा केवढा आदर आहे.

रविवारी गाडी काढून फरीदाबादला गेलो. वर्तकांनी दार उघडलं, मला बघून गडबडले, पण आत घेतलं. पुढच्याच खोलीत पलंग आणून ठेवलेला. त्यावर उशांना टेकून एक बाई बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला, हात अगदी काटकुळे. ही तीच तलावाकाठची बाई, हे कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा तरी पुडकं घेऊन मागे फिरायचं! पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "वहिनी, तुमच्यासाठी सरप्राइज आहे."

त्यांनी हात पुढे केले. कागद सुटला. काळी फ्रेम, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना पितळी हुक, आणि कागदाच्या घडीतून एक चंदनाचा हार घसरून त्यांच्या मांडीवर पडला.

वर्तकांनी हार उचलायला हात घातला, पण वहिनींनी तो आधीच उचलला होता. फ्रेमवर धरून बघितला.

"मापाचा आहे," म्हणाल्या.

आणि हसायला लागल्या. इतक्या, की खोकल्याची उबळ आली आणि वर्तकांना पाणी द्यावं लागलं. त्या पाण्याच्या तांब्याशेजारी, औषधांच्या बाटल्यांना टेकवून, तो सात नंबरचा फोटो उभा होता. माझ्या लाल गोलासकट.

वहिनींनी फ्रेम पुन्हा निरखली. "फार छान झालाय हो. पण हे कुठे गेले?"

मला कळेना कोण. त्यांनी बाटल्यांकडे बोट दाखवलं, लाल गोलाकडे, आणि मग वर्तकांकडे. तेव्हा मी त्या टकलाखालचं, चष्म्यामागचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं.

"सव्वीस वर्षं हे फोटोच्या बाहेर होते," वहिनी म्हणाल्या. "कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. मोठ्या मुश्किलीने आत आले, तर तुम्ही महिन्याभरात काढलंत. आणि 'कुणाकडे तरी' बघत नव्हते मी. ह्यांच्याकडेच बघत होते. कॅमेऱ्यामागे हेच होते ना."

मी कसंबसं विचारलं, लग्नाचे फोटो असतील की. "त्यात आहेत," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा आमची ओळख नव्हती."

बाकीचं वर्तकांनी सांगितलं, जमिनीकडे बघत. दुखणं शेवटाला आलं होतं. वहिनींना उशाशी दोघांचा एक फोटो हवा होता, पण केस गेल्यापासून नवा काढू देत नव्हत्या. म्हणून वर्तकांनी कारखान्याच्या जुन्या पासावरचा स्वतःचा चेहरा घेतला, खालचं धड दुसऱ्याच कुठल्या फोटोतलं जोडलं आणि दोन महिने खपून तो माणूस वहिनींच्या शेजारी बसवला. क्लबात आणला तो फक्त पाय गवतात कसे टेकवायचे हे कळावं म्हणून. आणि त्या दिवशी घरी जाऊन कंप्युटरवरून पुसून टाकला. सर म्हणाले काढा, म्हणून काढला. उरली होती ती एवढी प्रत. वहिनींनी ती फेकू दिली नव्हती.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, मी परत जोडतो, आजच, पाय सुद्धा टेकवून देतो. वहिनींनी मान हलवली.

"हार आलाच आहे तर फोटो तरी ताजा काढा. दोघांचा."

कॅमेरा गाडीत होता. पळत जाऊन आणला. वर्तक पलंगाच्या कडेला बसले. सगळा जन्म कॅमेऱ्यामागे काढलेला माणूस, हातांचं काय करावं कळेना. वहिनींनी त्यांचा एक हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. पाठीमागे खिडकी उघडी होती, मी पडदासुद्धा ओढला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, समोरचं धड दिसत नव्हतं. एकदाच बटण दाबलं. तेवढ्यानेच त्या थकल्या. "झाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, झाला.

महिना पुरा व्हायच्या आत वहिनी वारल्या. तेराव्याला माझीच फ्रेम होती, तोच हार, तेच हुक. आलेला प्रत्येक जण म्हणत होता, फोटो किती सुंदर आहे. मी जेवलो नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी वर्तक क्लबात आले. दारातच मला बाजूला घेऊन म्हणाले की ती सांगून गेलीय, क्लबात लावा म्हणून, तेव्हा आणलाय. चार नंबर. खिडकी पार पांढरी फटक. वर्तकांचं डोकं वरून कापलेलं. माझा हात हलला होता, त्यामुळे दोघंही धूसर. वहिनी हसतायत एवढं मात्र दिसत होतं.

फोटोत वर्तक होते, म्हणजे काढणारा दुसरा कुणी, हे सगळ्यांना कळलं. वहिनींबद्दल सगळे फार हळू आणि चांगलं बोलले. पण काढणाऱ्याला कुणी सोडलं नाही, आणि का सोडतील? मीच तयार केलेली माणसं ती. प्रकाशाची अक्कल नाही, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, अशा वेळी तरी माणसाने एकाला चार काढावेत, असं कसं घाईत उरकलं यार. प्रत्येक शब्द बरोबर होता. नियमाप्रमाणे मी तोंड मिटून बसलो होतो. ते माझ्याकडे बघत होते, सर अजून काहीच कसे बोलत नाहीत म्हणून.

शेवटी नीलिमा उठली. पुण्याहून नोकरीला आलेली, क्लबातली सगळ्यात नवी, मनाने फार चांगली मुलगी. म्हणाली, "वर्तक काका, ज्यांनी कुणी काढलाय त्यांनी मनापासूनच काढला असणार. त्यांना सांगा, निराश होऊ नका. थोडे दिवस सबनीस सरांकडे शिकायला या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्तकांनी चिमटा सोडवला, फोटो पाकिटात घातला आणि पाकीट नीट बंद केलं.

"सांगतो त्यांना," म्हणाले.