हातावरचं दही

मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागतो, तर शाळेतल्या माझ्या बाईंचं. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्या मराठी शिकवायच्या. वडील जिनिंगवर हमाल. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बाईंनी वडलांना जिनिंगच्या फाटकावर गाठलं आणि माझं कॉलेज ठरवूनच त्या घरी गेल्या. आज मी हैदराबादला आबिड्सच्या एका विमा कचेरीत नोकरी करतो, बरकतपुऱ्यात राहतो, त्याची सुरुवात त्या फाटकापाशी झाली. बाईंना आता फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांना पत्रं लिहितो.

आम्ही अनाथ मुलांच्या एका संस्थेतून मुलगी दत्तक घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेलुगू बोलायची. माझी तेलुगू ऑफिसपुरती, बायकोची भाजीवाल्यापुरती. त्यामुळं घरात बोलणं कमी आणि एकमेकांवर नजर ठेवणं जास्त. मला ती ‘सार’ म्हणायची, शिपाई साहेबाला म्हणतो तसं. गॅसवाला येवो, इस्त्रीवाला येवो, ती आधी बाल्कनीत जाऊन खाली गाडी उभी आहे का ते बघायची. मग आत येऊन आलेल्या माणसाच्या पिशवीकडं बघत बसायची. माझ्या मेहुणीची तर तिनं पर्सच उघडली. मेहुणी हसून म्हणाली, “भाऊजी, विमानतळावरसुद्धा एवढं चेकिंग नसतं.”

कपडे ती कपाटात ठेवू द्यायची नाही. बायकोनं सकाळी घड्या घालून ठेवले की संध्याकाळपर्यंत ते परत तिच्या संस्थेतून आणलेल्या बॅगेत. बॅग पलंगाच्या पायथ्याशी, चेन लावलेली.

संशय मलाही होता. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण, सगळे त्यांना खाला म्हणतात, तोंडाच्या फटकळ. एकदा जिन्यात, पोरीच्या देखत त्या म्हणाल्या, “इत्ती बड़ी बच्ची कायकू लाए साब? छोटी लाते तो उसकू कुछ याद नै रहता था.” पोरीला दखनी किती कळते ते मला ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून मला वाटायचं, आम्ही ऑफिसला गेल्यावर खालाच हिच्या कानात काहीतरी भरत असतील. पोरीला सांभाळायला दिवसभर घरी असणाऱ्या मावशींनाही मी आडून आडून विचारायचो, “वरच्या आल्या होत्या का?” मावशी म्हणायच्या, “त्या कशाला येतील? त्यांना त्यांच्या सुना पुरे आहेत.”

जूनमध्ये तिची शाळा सुरू व्हायची होती. ज्या घरात शाळेनंच सगळं दिलं, तिथं मुलीचा शाळेचा पहिला दिवस म्हणजे सणच. बायकोनं नवा फ्रॉक आणला. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. दहावीच्या पेपरला जाताना बाईंनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली होती. तेव्हापासून आमच्याकडं कुठलंही चांगलं काम त्याशिवाय होत नाही. मी वाटी आणली आणि चमचाभर दही तिच्या हातावर ठेवलं.

ती दह्याकडं बघत राहिली. दही मनगटावरून ओघळलं, नव्या फ्रॉकवर पडलं. मग ती उठली, आत गेली. आम्हाला वाटलं, हात धुवायला. ती बाहेर आली ती आपली बॅग घेऊनच. सरळ दाराबाहेर जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.

“बंडी एदी?” तिनं विचारलं. गाडी कुठंय?

“गाडी नाही. शाळा जवळ आहे, चालत जायचं,” मी सांगितलं. तिनं मान फिरवली. तिचा विश्वास बसला नव्हता.

माझं डोकं फिरलं. “मी वर जाऊन खालांना विचारूनच येतो, काय शिकवलंय हिला,” मी म्हणालो.

“खालांना नंतर विचारा,” बायको म्हणाली. “आधी हिला विचारा की.”

बायको तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारू लागली. पोरगी म्हणाली, “दही दिलेली मुलं परत येत नाहीत.”

मग उलगडत गेलं. संस्थेत कुणी कुणाच्या घरी जायचं असलं की स्वयंपाकघरातली अम्मा त्याला नवे कपडे घालायची, कपाळाला बोट्टू म्हणजे कुंकू लावायची, हातावर दही-साखर ठेवायची. गाडी यायची. तिच्या खाटेशेजारची मैत्रीण अशीच गेली. आमच्याकडं येताना या पोरीच्याही हातावर दही ठेवलं होतं. मी तिथंच होतो, मोबाइलवर फोटो काढत. आपल्याकडच्यासारखंच आहे, म्हणून मला केवढं बरं वाटलं होतं.

त्या दिवशी शाळा राहिली. बायकोनं तिचा फ्रॉक बदलला, कपाळ पुसलं, आरतीचं ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती धुतलेल्या जुन्या फ्रॉकमध्ये, ना कुंकू ना काही, शाळेला निघाली. माझ्या आईनं बघितलं असतं तर दिवसभर जेवली नसती.

फाटकापाशी पोरीनं विचारलं, “न्यायला कोण येणार?”

“मी.”

“कुठं उभे राहणार?”

मी पाण्याच्या टाकीजवळची जागा दाखवली. ती स्वतः तिथं जाऊन उभी राहिली, फाटक दिसतं का ते बघितलं, मगच आत गेली. सुटायच्या कितीतरी आधी मी टाकीजवळ येऊन थांबलो. ती बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं रस्त्यावर. गाडी नव्हती. तिनं दप्तर माझ्या हातात दिलं.

हे मी बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते पावसाळा सरताना: पोरीला बघायला येते, फ्रॉक शिवून ठेवलाय. त्यावर मी पाठवलेलं पत्र हे:

“बाई, पाया पडतो.

तुम्ही येताय हे वाचून तुमच्या सुनेनं लगेच गादी उन्हात टाकली. आजवर तुम्हाला कशाला नाही म्हटलं नाही, आता म्हणतोय. फ्रॉक आणू नका. पेढे नकोत. आल्या आल्या पोरीला ओवाळू नका. दह्याचं मागच्या पत्रात कळवलंच आहे.

काचीगुडा स्टेशनवर मी येईन. ऑटो दारापर्यंत न्यायचा नाही, कोपऱ्यावर उतरू. दारात गाडी थांबली की ती अजून घाबरते, आत दडते. तुमचे गुडघे दुखतात हे ठाऊक असून सांगतोय.

ती तुमची बॅग उघडेल. उघडू द्या. आत तुमचीच पातळं आणि औषधं आहेत अशी खात्री झाली की चेन तीच लावते.

जातानाची बॅग तिच्यासमोर भरा. तुम्ही एकट्याच निघालात, हे तिला दिसलं पाहिजे. ती निरोप द्यायला खाली येणार नाही, आमच्या दाराची चौकट धरून आतच उभी राहील. त्याचा राग मानू नका. ती आतच राहावी, एवढंच मला हवंय.

तुमचा विद्यार्थी”