चौपन्नचं बावन्न

हे मी भावालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आई डायलिसिसवर होती. मधल्या दिवसांत अंगात पाणी किती साठतंय ते कळावं म्हणून घरी रोज सकाळी वजन करायचं. डायलिसिसनंतर ती पन्नास किलो भरायची. त्रेपन्नच्या वर गेली तर लगेच सेंटरला फोन करायचा, वाट बघायची नाही. मधुमेहाने तिची नजर अधू झालेली. ती काट्यावर उभी राहायची, आकडा मी वाचायचे. एवढंच माझं काम. अवघड होतं का? मुळीच नाही.

त्या रविवारी शाळेच्या मैत्रिणी मांजरी गावात, एकीच्या शेतावर जमणार होत्या. मी साडी इस्त्री करून ठेवली होती — किती महिन्यांनी वारज्याच्या त्या फ्लॅटमधून बाहेर पडणार होते. आई काट्यावर चढली. चौपन्न.

"किती गं?"

"बावन्न," मी म्हणाले.

"मग दम का लागतोय?"

"रात्री झोप नाही झाली ना नीट."

तिने मान हलवली. मी साडी नेसले आणि गेले.

पानं वाढली तोच शेजारच्या काकूंचा फोन. आईला श्वास घेता येत नव्हता. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा — ऑक्सिजन लावून तातडीचं डायलिसिस सुरू होतं. फुप्फुसात पाणी भरलं होतं. वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, अचानक इतकं पाणी कसं? मास्क बाजूला करून आईच म्हणाली, "सकाळी वजन बरोबर होतं हो. नंतर मी वाटीभर ताक घेतलं. त्यानंच झालं असेल."

वाटीभर ताकाने? मला ठाऊक होतं कशाने. तिचा हात माझ्या हातात होता — तो सोडून मी मास्क परत तिच्या तोंडावर बसवला.

संध्याकाळी नारायण पेठेतून भाऊ आला. "ताकासाठी जीवच द्यायचा होता तर सांगायचंस. हंडा आणला असता." आई ओशाळून हसली. मी — मीही हसले.

पुढे दोनेक वर्षं ती जगली. रोज काट्यावर चढायची, मी सांगेन तो आकडा खरा मानायची. मी खराच सांगत होते — त्याचं काय मोठंसं? ताकाला मात्र तिने पुन्हा तोंड लावलं नाही. सकाळचा चहाही अर्धा केला. स्वतःवर तिचा भरवसाच उरला नव्हता.

एका उन्हाळ्यात आम्ही जेवत होतो. मी ताक पीत होते. ती माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "आंबट झालंय का गं?"

"थोडं," मी म्हणाले.

गोड होतं. मी भांडं रिकामं केलं.