बनाबाईंची इंटरनेटवरची पंगत

राजारामपुरीतल्या बनाबाईंच्या खानावळीत नव्वद सालापासून कॉलेजची पोरंपोरी जेवली, मोठी झाली आणि नोकऱ्यांसाठी पांगली. २००७ मध्ये शेजारच्या गाळ्यात सायबर कॅफे चालवणाऱ्या पुतण्यानं, कृष्णातनं, ऑर्कुटवर खानावळीच्या नावाची कम्युनिटी काढली आणि पांगलेली पंगत पुन्हा बसली. दुपारची भांडी आवरली की बनाबाई पदराला हात पुसत कॉम्प्युटरपुढे येत. कृष्णात वाचायचा, त्या ऐकायच्या. कुणाला मुलगी झाली, कुणाचा रस्सा फसला. पोटी मूलबाळ नसलेल्या त्या बाईला दुपार पुरत नसे.

एके दिवशी तिथं नको ते फोटो आले. कुणीतरी नाव लपवून टाकलेले. खाली खानावळीत जेवून गेलेल्या इरावतीनं लिहिलं होतं, "मावशी, माझी पोरगी शेजारी बसून हे बघते. आता उघडायची भीती वाटते. मी निघते." तिच्यामागून आणखी काहीजणी गेल्या.

"काकू, बंदच करूया," कृष्णात म्हणाला.

"आन् माझ्या पोरी कुटं बसायच्या? तुझ्या डोक्यावर?"

ते फोटो पुसले, टाकणाऱ्याला हाकललं. मग कृष्णातनं विचारलं, "पण पोरी बाळंतपणाचं, नवराबायकोचं बोलतात, तेबी काढायचं व्हय?"

"मटण शिजलं की पोरांसाठी अळणी रस्सा आदी काढून ठेवतोय, मगच तिखट चटणी घालतोय. मोठ्यांचा रस्सा काय मोरीत वततोय का? फकस्त पोरांच्या वाटीत पडू देत न्हाय."

कृष्णातनं कम्युनिटीत असल्या गप्पांसाठी वेगळा विषय उघडला. वर पाटी लावली: 'फक्त मोठ्यांसाठी. पोरं शेजारी असतील तर उघडू नका.' गेलेल्या साऱ्याजणींना तसं कळवलं. पण पाटीखाली लिहायला कुणी धजेना. शेवटी बनाबाईच सांगू लागल्या. लग्नाच्या पहिल्या रात्री मालक लाजून माळ्यावर जाऊन बसले, आणि त्यांना खाली आणायला काय काय करावं लागलं, सगळं. कृष्णातचे कान लाल झाले.

"काकू, ह्येबी लिवू?"

"लिव की. वर पाटी हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी इरावती परत आली होती. "मावशी, पोरीला खेळायला धाडलं आणि वाचलं. हसण्याचा आवाज ऐकून नवरा आला, त्यालाही वाचून दाखवलं. तो विचारतोय, पुढं काय झालं? संध्याकाळी पोरीला घेऊन बसते, तिला तुम्हाला गाणं लिहून पाठवायचंय."

बनाबाईंनी ते कृष्णातकडून दोनदा वाचून घेतलं आणि खुर्ची आणखी पुढं ओढली.